शरीर व आरोग्य यांची परिभाषा कशी शिकवावी

आरोग्याच्या पाठात मुले शब्द पाठ करतात, परंतु शब्दामागील वस्तू त्यांच्या मनात उभी राहत नाही, असा अनुभव अनेक शिक्षकांस येतो. ह्याचे कारण मुलांची बुद्धी मंद असते हे नव्हे. शरीराविषयीचे पुष्कळसे शब्द मूल घरूनच घेऊन येते. पुस्तकातील शब्द त्यांच्याशी जोडून दिला नाही, तर तो केवळ परीक्षेपुरता उरतो.

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावचे मूल घ्यावे. मनगटावर ठोका देते ती 'नस', हाताच्या पाठीवर निळी दिसते ती 'नस' आणि मानेत आखडते तीही 'नस'च. पुस्तकात ह्यांची नावे निराळी आहेत. हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी अथवा धमनी, हृदयाकडे रक्त आणते ती नीला, आणि आखडतो तो बहुधा स्नायू. 'काळीज' ह्या शब्दाचेही तसेच आहे. भीतीने धडधडते ते हृदय. खाटकाकडून आणतात ते यकृत. घरचा शब्द चुकीचा ठरवू नये. त्यात किती अर्थ सामावले आहेत हे मुलांकडूनच काढून घ्यावे व मग एकेका अर्थास पुस्तकातील नाव द्यावे.

दुसरी रीत शब्द फोडण्याची होय. फळ्यावर 'जंतनाशक' व 'जंतुनाशक' हे शब्द शेजारी लिहावेत. जंत हे आतड्यात राहणारे कृमी. जंतू इतके सूक्ष्म की नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीत. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारीस, शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी देण्यात येते, ती जंतनाशक. फरशी पुसावयाचे फिनेल हे जंतुनाशक असून ते पोटात गेल्यास विषच ठरते. भेद एका उकाराचा, परंतु तो वाचता न आल्यास जिवावर बेतू शकते. शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशक व तणनाशक यांच्या बाटल्याही असतात. पुष्कळ घरांत बाटलीवरील अक्षरे वडीलधाऱ्यांस वाचून दाखविणारे ते शाळेत जाणारे मूलच असते. म्हणून 'नाशक' हा शब्द दिसताच 'कशाचा नाश?' असे विचारण्याची सवय त्यास लावावी.

तिसरे उदाहरण सर्पदंशाचे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या दंशावर रुग्णालयात देतात त्या औषधास लोक 'सापाची लस' म्हणतात. त्याचे खरे नाव प्रतिविष. लस शरीरास स्वतः प्रतिकार करावयास शिकविते, व त्यास काही दिवस लागतात. प्रतिविष तयार प्रतिकारद्रव्य बाहेरून पुरविते. म्हणून ते आधी टोचून ठेवता येत नाही, आणि दंशानंतर मांत्रिकाकडे घालविलेला वेळ भरून निघत नाही. हा भेद समजलेले मूल घरच्यांस 'आधी दवाखान्यात चला' असे कारणासह सांगू शकेल.

पाठाचा क्रम असा ठेवावा :

१. वस्तू, चित्र किंवा स्वतःचे शरीर दाखवावे.
२. घरचा शब्द मुलांकडून घ्यावा.
३. पुस्तकातील शब्द देऊन तो फोडून दाखवावा.
४. तो शब्द वापरून मुलांकडून व्यवहारातील एक वाक्य करवून घ्यावे.

एका तासिकेत चार-पाचांहून अधिक नवे शब्द घेऊ नयेत. शब्दाविषयी शंका आल्यास १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत.

स्वाध्याय : मुलांनी घरातील 'नाशक' असलेल्या वस्तूंची नावे, बाटलीस हात न लावता, वडीलधाऱ्यांच्या मदतीने लिहून आणावीत व प्रत्येक नावापुढे ती कशाचा नाश करते ते लिहावे.