हार-गुच्छांचं ताट दुसऱ्याकडे दे

दर्पण कॉलनी, ठाटीपूर,
ग्वाल्हेर

चि. छोटीस,

परवा फोनवर तू विचारलंस, पेपर छापून आले की झालं, वर वैज्ञानिक सोसायटीची वर्गणी कशाला भरायची? प्रश्न रास्त आहे. आजीवन सभासद व्हायचं, प्रमाणपत्र फायलीत लावायचं आणि परत त्या संस्थेचं तोंड पाहायचं नाही, असे महाभाग माझ्या पिढीत ढिगाने होते. तुलाही तेच करायचं असेल तर ते पैसे वाचव आणि चांगले पावसाळी बूट घे.

पण तू पुण्यात आहेस म्हणून एक सांगते. फर्ग्युसन रस्त्यावरून तू कितीदा जातेस! १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर या महसूल खात्यातल्या अधिकाऱ्याने गणितवेड्यांचं एक मंडळ जमवलं. तीच आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. तिचं ग्रंथालय होतं फर्ग्युसन कॉलेजात. पुढे १९१० मध्ये या अय्यरांकडे एक पदवी नसलेला तरुण वह्या घेऊन आला, कारकुनी मिळते का बघायला. अय्यरांनी त्याला कारकून केलं नाही. मद्रासच्या गणितज्ञांकडे पाठवलं. १९११ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्याने वाचकांना सोडवायला प्रश्न घातले आणि त्याच वर्षी बर्नुली संख्यांवरचा त्याचा पहिला लेखही तिथेच आला. वय तेवीस. रामानुजन केंब्रिजला गेला ही गोष्ट सगळे सांगतात. त्याआधी त्याला छापणारं, त्याचं नाव चार जाणकारांच्या कानावर घालणारं हे लहानसं मंडळ होतं, ते कोणी सांगत नाही.

इंडियन सायन्स काँग्रेसचंही तसंच. सिमन्सन आणि मॅकमहॉन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तिचा ध्यास घेतला. जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्याला पहिली बैठक भरली तेव्हा १०५ माणसं आली, ३५ निबंध वाचले गेले. सिमन्सन तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. ज्येष्ठांनी बोलवावं म्हणून तो थांबला नाही.

तू म्हणशील, आता दिवस वेगळे. आहेतच. आता ईमेलवर पैसे भरून 'आंतरराष्ट्रीय फेलो' करणाऱ्या, शाल आणि पदक घरपोच पाठवणाऱ्या संस्थाही आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. आधी तुझ्या विषयाची एकच संस्था धर. इंडियन केमिकल सोसायटी १९२४ची, प्रफुल्लचंद्र राय तिचे पहिले अध्यक्ष. केमिकल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९९९ची. तुझ्या प्रयोगशाळेतली माणसं जिथे खरोखर जातात ती निवड, नाव मोठं कोणाचं ते बघू नकोस.

आणि मग काम माग. आपल्याकडच्या गणेशोत्सवात बघितलंस ना, जो वर्गणीच्या पावत्या फाडतो आणि रात्री सतरंज्या गोळा करतो, तोच दोन वर्षांनी चिटणीस होतो. परिषदेच्या शेवटच्या दिवशी, दुपारी साडेचारला, वार्षिक सर्वसाधारण सभा असते. निम्मे लोक बॅगा उचलून स्टेशनकडे निघालेले, उरलेले चहापाशी. सभागृहात जेमतेम पंधरा डोकी. कोषाध्यक्ष हिशेब वाचतात, मग विचारतात की पुढच्या वर्षीचे गोषवारे छाननीला कोण घेईल, आणि सगळे एकदम आपापल्या डायरीत बघायला लागतात. तिथे हात वर कर. शेदोनशे गोषवारे वाचलेस की देशात कोण काय करतंय, कुठे पाणी घातलंय आणि कुठे खरा माल आहे, हे तुला जे कळेल ते कुठल्या वर्गात कळणार नाही. शिवाय ज्यांना तू एरवी 'सर, एक मिनिट' म्हणत गाठायला धावतेस, ते स्वतःहून तुला फोन करतील, कारण त्यांचा गोषवारा उशिरा आलेला असेल!

एक मात्र ठणकावून सांगते. मुलगी दिसली की स्वागतगीत, दीपप्रज्वलनाची काडेपेटी, हार-गुच्छांचं ताट आणि सूत्रसंचालन तिच्याच गळ्यात पडतं. कौतुक फार होतं आणि इतिवृत्तात नाव येत नाही. एकदा कर, दुसऱ्यांदा हसून सांग की मला प्रवासखर्चाची बिलं द्या, पोस्टरची मांडणी द्या. रुसतील थोडे, रुसू देत. इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन १९७३ साली मुंबईत उगीच नाही निघाली. वाशीला त्यांचं काम आहे, जमलं तर एकदा जाऊन ये.

प्रबंध लिहायच्या शेवटच्या वर्षात मात्र कसलंही पद घेऊ नकोस, कोणी कितीही गळ घातली तरी. तेव्हा नाही म्हटलेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेसाठी एखादा लेख लिहिलास तर आधी मला पाठव. तुझं मराठी हल्ली फार इंग्रजाळलंय, आणि तुझ्या बाबाला ते दिसत नाही.

वर्गणी मी भरते. पण एकाच संस्थेची, आणि यंदाच्या सभेला थांबणार असशील तरच. नाव कळव म्हणजे या आठवड्यात पैसे टाकते.

तुझी,
आत्या