पाऊस कोसळत असेल तर रतनगड सोडा, काठ धरा

पावसाळ्यात भंडारदऱ्याला निघणाऱ्या बहुतेकांच्या यादीत रतनगड असतो, सांदण असते, जमलं तर कळसूबाई. जलाशय आपला गाडीच्या काचेतून जाता-जाता बघायचा. झड लागलेल्या दिवशी ही यादी उलटी करावी. गड सोडावा आणि शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी हा काठ हाच दिवसभराचा कार्यक्रम धरावा. (मुंबईहून घोटीमार्गे, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे, बाकी नकाशात आहे.)

कारण सरळ आहे. रतनवाडीतून गडावर जाणारी वाट प्रवरेचं पात्र एकदा नव्हे, अनेकदा ओलांडते. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी उतरताना तेवढंच असेल, हे कोणी सांगावं? या खोऱ्यात पश्चिमेला घाटमाथ्याकडे सरकावं तसा पाऊस वाढत जातो. घाटघरला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नव्हे. ओढ्याला किती पाणी येणार हे आपल्या डोक्यावरच्या पावसावर ठरत नाही, वर कड्यावर तासाभरापूर्वी काय कोसळलं त्यावर ठरतं. खाली उघडीप आणि ओढा मात्र फुगलेला, असं सर्रास होतं. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, ती वाहत्या पाण्यात उभी होती आणि लोंढा वरून आला. सांदणचं तर बोलायलाच नको. ती घळ पाणी जाण्याचीच वाट आहे; पावसाळ्यात तिथे माणसाचं काम नाही.

मग काठावरच्या रस्त्याला ओढे आडवे येत नाहीत का? येतात, तेच येतात. फरक एवढाच की इथे थांबता येतं आणि माघारी फिरता येतं. पात्र ओलांडून वर गेल्यावर ते हातात राहत नाही. फरशीवरून पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल, तर गाडी घालू नये. काठाच्या एखाद्या दगडावर नजर ठेवून पंधरा मिनिटं थांबावं. दगड बुडत चालला, पाणी तांबडं होऊन काटक्या-पाचोळा आणू लागलं, की समजावं चढ आहे. गावचा जीपवाला थांबला असेल तर शहरातल्या एसयूव्हीला थांबायला लाज कसली?

‘पण धुक्यात दिसतं काय?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. समोरचा डोंगर दिसत नाही. पण पन्नास पावलांतलं सगळं दिसतं आणि जुलैत तिथे आवणी चालू असते. गाळ केलेल्या खाचरात बाया ओळीने वाकलेल्या, डोक्यावर इरलं किंवा आता बहुधा प्लास्टिकचा घोंगता, हातातल्या मुठीतून दोन-चार काड्या सुटून चिखलात रोवल्या जातात, पाऊल मागे पडतं. हे बांधावरून, रस्त्यावरून बघावं. फोटोसाठी कुणाच्या खाचरात उतरणाऱ्यांना भात कुठून येतो हे खरंच ठाऊक नसावं. पाणीच बघायचं असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध बरा: ११ टीएमसीचं हे धरण साधारण १५ ऑगस्टच्या सुमारास भरतं, त्याआधी काठाला उघडा मुरूम दिसतो. फक्त १५ ऑगस्टचीच सुट्टी निवडू नये. त्या दिवशी शेंडीत जलाशयापेक्षा गाड्यांच्या काचा जास्त दिसतात आणि पावसापेक्षा स्पीकर जास्त ऐकू येतात. १९२६ साली पुरं झालेलं धरण शंभर पावसाळे टिकलं. वेफर्सची पाकिटंही टिकतील, तेही अभयारण्यात.

‘डांबरी रस्त्यावर फिरणं म्हणजे ट्रेक नव्हे’ असं खरे ट्रेकर म्हणतील. म्हणोत बापडे. गाडी कोलटेंभ्याला लावून, पाणी डावी-उजवीकडे शोधत रतनवाडीपर्यंत पायी जावं आणि यावं. पाठीवरून पाणी निथळत असताना तेवढी चाल पुरते. शेवटी अमृतेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर आहे. ओल्या काळ्या दगडावर कोरीव काम उन्हाळ्यापेक्षा जास्त उठून दिसतं, बाजूची पुष्करणीही चुकवू नये. पुढे साम्रद-घाटघरकडे उघडीप असेल तरच. अंब्रेला फॉलचा हट्ट नको, धरणातून पाणी सोडलं तरच तो असतो. पिठलं-भाकरी हवी असेल तर गावात आल्या आल्या सांगून मगच मंदिराकडे वळावं. ओल्या लाकडांवर चूल पेटायला वेळ लागतो.