गाड्या रिकाम्या झाल्या

लिओ टॉलस्टॉय हे थोर रशियन कादंबरीकार. तरुणपणी ते सैन्यात होते. सेव्हस्तोपोलच्या वेढ्यात त्यांनी लढाई जवळून पाहिली होती. 'युद्ध आणि शांती' ही त्यांची प्रचंड कादंबरी १८६९ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात शेकडो माणसे आहेत. आपण त्यांतील नताशा या मुलीची हकिकत पाहू.

१८१२ साली फ्रान्सचा बादशहा नेपोलियन मोठी फौज घेऊन रशियावर चालून आला. बोरोदिनो येथे घनघोर लढाई झाली. हजारो सैनिक जखमी झाले. ('जखमी' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे, तो मराठीत फारसीतून आला.) रशियन सैन्य मागे हटले आणि मॉस्को शहर रिकामे होऊ लागले.

नताशाच्या घरासमोर तीसएक गाड्या उभ्या होत्या. गालिचे, चिनी मातीची भांडी तिनेच नीट गुंडाळून पेट्यांत भरली होती. तोच जखमी सैनिक अंगणात आले. आम्हांलाही न्या, अशी विनवणी करू लागले. वडिलांचे मन द्रवले. पण आई तयार होईना. घरची मालमत्ता आधीच घटली होती. मुलांसाठी उरलेले वाचवावे, असे तिला वाटे. आईच ती!

नताशा संतापाने धावत आली. माणसे शत्रूच्या हाती सोडायची आणि भांडी न्यायची, हे तिला सहन होईना. तिचे बोलणे ऐकून आई वरमली. नोकरांनी बांधलेले सामान भराभर उतरवले आणि गाड्यांत जखमींना बसवले. लढाईच्या वर्णनांपेक्षा हा अंगणातला प्रसंग मनाला अधिक भिडतो.

त्याच ताफ्यात, छत ओढलेल्या एका गाडीत, जखमी प्रिन्स आंद्रेई होता. एके काळी त्याचे नताशाशी लग्न ठरले होते. तिच्याच चुकीमुळे ते मोडले. तो बरोबर आहे, हे घरच्यांनी तिच्यापासून लपवले. वाटेतल्या मुक्कामी तिला ते कळले. रात्री सगळे झोपल्यावर ती त्याच्याकडे गेली आणि तिने क्षमा मागितली. पुढे तिने त्याची खूप सेवा केली, पण तो वाचला नाही.

इकडे नेपोलियन मॉस्कोत शिरला; पण रशियाने तह केला नाही. शेतकऱ्यांनी गवत जाळले, पण फ्रेंचांना विकले नाही. लहान लहान तुकड्या रानातून शत्रूवर छापे घालीत. आपण ज्याला गनिमी कावा म्हणतो, तसाच हा प्रकार. अशाच एका छाप्यात नताशाचा धाकटा भाऊ पेत्या मारला गेला. मिसरूडही न फुटलेला पोरगा!

बातमी कळताच आई वेड्यासारखी झाली. आंद्रेईच्या दुःखात एकटी बसून राहणारी नताशा उठली आणि आईकडे धावली. तीन आठवडे ती आईच्या खोलीतच आरामखुर्चीवर झोपत असे.