शब्दाची चौकशी : बिबट्या दडलाय की वावरतोय?

प्रश्न : शिरूरकडच्या बिबट्यांबद्दलच्या एका इंग्रजी बातमीत ‘लर्किंग’ हा शब्द वाचला. कोशात ‘लपणे’ असा अर्थ मिळाला. मग ‘हाइड’ आणि ‘लर्क’ यांत फरक काय? मराठीत काय म्हणावं?
– एक वाचिका, सदाशिव पेठ

उत्तर : फरक हेतूचा आहे. लपाछपी खेळताना पलंगाखाली शिरलेलं पोर ‘हाइड’ करतं, ‘लर्क’ नाही. ‘लर्क’मध्ये दडणं तर आहेच, शिवाय दडलेल्याच्या मनात काही काळंबेरं आहे हा संशयही आहे. म्हणून धोका आणि रोगसुद्धा इंग्रजीत ‘लर्क’ करतात. तिथे आपलं ‘दडलेला धोका’ चपखल बसतं.

‘दबा धरून बसणे’ हा आपला सर्वांत जवळचा शब्दप्रयोग, पण त्याचा रंग वेगळा. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, चालला होता. प्लेगच्या तपासणीत घराघरांत शिरून झालेला जुलूम पुणं विसरलं नव्हतं. दामोदर आणि बाळकृष्ण चाफेकर त्या तपासणीचा अधिकारी रँड याला मारण्यासाठी गणेशखिंड रस्त्यावर त्याच्या बग्गीची वाट पाहत थांबले. ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक पुण्यात अजून सांगितली जाते. चाफेकर दबा धरून बसले होते, असं आपण अभिमानाने म्हणतो. त्याच वाक्यात ‘लर्क’ घाला, ते चोर वाटू लागतात. दबा धरणारा चांगला की वाईट, हे मराठी क्रियापद ठरवत नाही. मला ही आपल्या भाषेची मोठी ताकद वाटते.

आता बिबट्या. जुन्नर-शिरूरकडे मादी उसातच पिल्लं घालते. आडोसा आहे, पाणी आहे, ऊसही वर्षभर उभा असतो. तोडणीच्या वेळी सरीत पिल्लं सापडतात ती त्यामुळेच. तिच्या लेखी ते घर आहे, दडण्याची जागा नव्हे. याचा अर्थ भीती खोटी असा मुळीच नाही. रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला ती भीती रोज सोबतीला असते. पण त्या गावांनी आणि वनखात्याने यासाठी एक नेमका शब्द केव्हाच रुळवला आहे : ‘वावर’. न दिसणारं पण खात्रीचं असणं त्यात येतं, आणि कोणावर आरोप होत नाही.

तुमच्या बातमीतल्या बिबट्याने कोणावर झडप घातली नसेल, तर ‘उसात बिबट्याचा वावर’ एवढंच लिहा.