मधुमेह, डोळे आणि उपचारांची भीती



आपल्यापैकी अनेकांच्या घरी मधुमेहाच्या गोळ्या रोजच्या झाल्या आहेत. साखर तपासली जाते, भात कमी केला जातो, क्वचित पायांकडेही लक्ष दिले जाते. डोळे मात्र मागे राहतात. 'मला चांगलं दिसतंय, मग डॉक्टरकडे कशाला जायचं?' हे उत्तर ठरलेले असते. ते चुकीचे का आहे, हे आज समजून घेऊ या.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. आपण त्याला साधेपणाने पडदा म्हणतो. या पडद्याला केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवितात. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांतून पाणी झिरपते, कुठे रक्ताचे ठिपके पडतात, तर काही वाहिन्या बंद होतात. पडद्याचा मध्यभाग सुजला की वाचणे व माणसांचे चेहरे ओळखणे अवघड होते. जिथे रक्त पोहोचत नाही तिथे पुढे नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या नाजूक असतात की एखाद्या दिवशी फुटून डोळ्यात रक्त उतरते. हे सारे सुरुवातीला दुखत नाही आणि बऱ्याच काळापर्यंत दिसतेही नीट. म्हणून त्रास होण्याची वाट पाहणाऱ्याला उशीर होतो.

प्रौढ वयात मधुमेह निघाला असेल, तर निदान झाल्याबरोबर पडद्याची तपासणी करावी आणि पुढे साधारणपणे दरवर्षी. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिले, तर सुरुवातीच्या महिन्यांतच तपासून घ्यावे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून पडदा पाहावा लागतो. थेंबांनंतर काही तास अंधूक दिसते व ऊन सहन होत नाही. तेव्हा स्कूटर घरी ठेवावी, सोबत कुणाला तरी न्यावे आणि काळा चष्मा घ्यावा. आणखी एक गोष्ट. साखर खूप वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही बदलतो. अशा वेळी नवा चष्मा करण्याची घाई करू नये, साखर स्थिरावू द्यावी.

आता भीतीकडे वळू. 'लेसर केला आणि डोळा गेला', 'इन्सुलिन चालू केलं आणि दिसेनासं झालं' अशा गोष्टी आपण ऐकतो. बहुतेक वेळा घडते ते असे की आजार बराच पुढे गेल्यावर लेसर किंवा इन्सुलिन सुरू होते, आणि आजाराचा दोष उपचारावर येतो. साखर फार झपाट्याने खाली आणली तर काहींचा पडदा काही काळ बिघडू शकतो, हे खरे आहे. म्हणूनच इन्सुलिन सुरू करण्याआधी डोळे दाखवावेत; इन्सुलिन टाळू मात्र नये. लेसरने गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही, उरलेली वाचते. रात्रीचे व कडेचे दिसणे थोडे कमी होऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवे. पण अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने १९७६ सालीच दाखवून दिले, की पुढच्या अवस्थेतील रुग्णांमध्ये लेसरमुळे दृष्टी फार मोठ्या प्रमाणात जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो.

सर्वांत मोठी धास्ती इंजेक्शनची. 'डोळ्यात सुई? नको गं बाय!' हे कोणीही म्हणेल, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण प्रत्यक्षात काय होते? आधी थेंबांनी डोळा बधिर करतात व जंतुनाशक घालतात. पापण्या मिटू नयेत म्हणून छोटा चिमटा लावतात. सुई अगदी बारीक असते आणि ती बुबुळात नव्हे, डोळ्याच्या पांढऱ्या भागात टोचतात. थोडा दाब जाणवतो. औषध काही क्षणांत आत जाते, बाकीचा वेळ तयारीचा. खरी अडचण पुढे असते: एका इंजेक्शनने भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला, नंतर अंतर वाढवीत ती घ्यावी लागतात. दोन झाली, बरे वाटले, खर्चही झाला, म्हणून सोडून देणाऱ्यांचे नुकसान होते. खर्चाबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे कर्करोगाचे औषध डोळ्यासाठीही वापरले जाते आणि इतर काही औषधांपेक्षा ते बरेच स्वस्त पडते. ते आपल्याला चालेल का, हे विचारण्यात संकोच कसला?

भीती मनात ठेवली की वाढते. जाण्याआधी प्रश्न कागदावर लिहून न्या. 'मला भीती वाटते, प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा', असे सरळ म्हणा. परिचारिकेला हात धरायला सांगा, त्या धरतात. घरच्यांनी 'काही होत नाही, उगाच घाबरतोस' असे म्हणण्यापेक्षा सोबत जाऊन बाहेर बसावे. झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना असे आठवडेच्या आठवडे चालले, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मधुमेहाबरोबर निराशा येणे सर्रास आढळते व तिच्यावर उपचार आहेत.

साखरेइतकाच रक्तदाबही पडद्याला महत्त्वाचा, हे बरेच जण विसरतात. आणि उपवासाबद्दल: राखेच्या बुधवारी व गुड फ्रायडेला आजारी व्यक्तींवर उपवासाचे बंधन नसते. गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहू नये.

इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसणे, दिवसभर खुपणे, एक-दोन दिवस काळे बुडबुडे तरंगणे यांना घाबरू नका. डोळा चोळू नका, नळाचे पाणी जाऊ देऊ नका. मात्र दुखणे व लाली वाढत गेली, दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. इंजेक्शन घेतलेले नसले तरी अचानक काळ्या ठिपक्यांचा वर्षाव झाला, पडदा ओढल्यासारखे वाटले किंवा खिडकीचे सरळ गज वाकडे दिसू लागले, तर सोमवारची वाट पाहू नका.