गव्हाणीची आडवी दांडी : बांबू, लाकूड की पाइप?



गोठा बांधायचा म्हटलं की पत्रा कुठला घ्यायचा, कोबा किती जाड करायचा, पाण्याची टाकी कुठं ठेवायची, हे आपण चार जणींना विचारून ठरवतो. गव्हाणीच्या पुढं लावायच्या आडव्या दांडीचं मात्र घरात जे पडलं असेल त्यावर भागवतो. कुणी जुना बांबू बांधतं, कुणी भंगारातला पाइप लावतं, तर कुणी चक्क काटेरी तार ओढतं. गाय मात्र याच दांडीला रोज कित्येक तास मान लावून चारा खाते. म्हणून या महिन्याचा पाठ या दांडीवर.

दांडी कशासाठी?

जनावरं दावणीला बांधलेली असतील, तर गव्हाणीची पुढची भिंत पुरेशी होते. मुक्त संचार गोठ्यात मात्र दांडी नसली की गाय गव्हाणीत पुढचे पाय घालते, चारा तुडवते, कालवडी तर आतच चढतात. शेण-मूत पडलेला चारा दुसरी गाय हुंगून सोडून देते. विकतचा मुरघास आणि पेंड अशी उकिरड्यावर गेली, तर दुधाच्या पगारातून काय उरणार?

दांडी निवडताना तीन प्रश्न विचारायचे. किमतीचा प्रश्न त्यानंतर.

1. गाईच्या मानेला काय लागेल?
2. गाईच्या तोंडात काय जाईल?
3. ही वस्तू कुठून कुजेल किंवा गंजेल?

मानेचा प्रश्न

लांबचा चारा ओढण्यासाठी चारशे-पाचशे किलोची गाय सगळा भार दांडीवर टाकते. दांडी गोल आणि गुळगुळीत असेल तर तो भार पसरतो. अँगलची धार, तासलेल्या लाकडाचा कोपरा, बांबूचं न छाटलेलं पेर किंवा वेल्डिंगचा खडबडीत डाग एकाच जागी घासत राहतो. आधी केस जातात, मग घट्टा पडतो, मग सूज येते. मान दुखणारी गाय लवकर मागं सरते, म्हणजेच चारा कमी खाते. दूध कमी झालं की आपण पेंड बदलतो; दांडीकडं लक्षच जात नाही.

म्हणून काटेरी तार गव्हाणीपाशी नकोच. लोखंडी अँगल उभ्या खांबाला चालेल, आडव्या दांडीला नको. नुसती तार किंवा वायर रोप बारीक असते, भार पडला की मानेत रुतते.

तोंडाचा प्रश्न

हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि याकडंच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. दांडीवरून जे सुटेल ते खाली चाऱ्यात पडतं. गाय चारा निवडून खात नाही. भराभर गिळते आणि नंतर रवंथ करते. चाऱ्यातला तारेचा तुकडा किंवा खिळा पोटात जातो, जाळीपोटात अडकतो, तिथून पुढं टोचत हृदयापर्यंत पोहोचू शकतो. अशी गाय चारा सोडते, पाठ वाकवून उभी राहते, कण्हते. पुष्कळदा ती हातची जाते.

- बाइंडिंग वायरने बांबू बांधू नका. ती गंजून तुटते आणि तुकडे गव्हाणीत पडतात. काथ्याची दोरी किंवा क्लॅम्प वापरा.
- जुन्या टायरच्या पट्ट्या लावू नका. टायरच्या आत बारीक पोलादी तारा असतात. रबर झिजलं की त्या बाहेर येतात.
- पीव्हीसी पाइप दांडीला नको. उन्हानं तो ठिसूळ होतो आणि फुटला की धारदार कपच्या पडतात.
- जळकं ऑइल फासू नका. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला गाडीचं काळं ऑइल फासायची आपल्याकडं सवय आहे. गाय आणि वासरू दोघंही दांडी चाटतात. त्या ऑइलात शिसं आणि इतर घातक धातू असू शकतात.
- रंग बघून घ्या. शिशाची विषबाधा झालेलं जनावर आंधळं होतं, दात खातं, झटके देतं. वासरांना धोका जास्त. शिसं दुधातही उतरतं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा नियम आपल्या देशात 2017 पासून लागू आहे. कारखान्यात वापरायच्या रंगांना तो लागू नाही. म्हणून शिसेविरहित लिहिलेला डबाच घ्या. उरलासुरला जुना रंग वापरू नका. रंग पूर्ण वाळल्याशिवाय जनावर गव्हाणीपाशी सोडू नका.

कुजण्या-गंजण्याचा प्रश्न

दांडी क्वचितच मधून मोडते. आधी खांब जातो, आणि तोही जमिनीलगत. तिथं शेण, मूत, पाणी आणि हवा एकत्र येतात. बांबू तिथं कुजतो, लाकडाला तिथंच वाळवी लागते, लोखंडही तिथंच गंजतं. हे एकदा ध्यानात आलं की पैसा कुठं घालायचा ते आपोआप कळतं.

आता एकेक वस्तू बघू

*बांबू.* स्वस्त, हलका, गोल आणि मानेला सोसणारा. कोकणात, कोल्हापूरकडं माणगा मिळतो, विदर्भात मानवेल. दोन्ही पोकळ बांबूंपेक्षा भरीव असतात, म्हणून दांडीला चांगले. तीन वर्षांपुढचा पक्का बांबू पावसाळा संपल्यावर तोडलेला असावा. कोवळ्या बांबूत साखर-पिष्ट जास्त, त्याला भुंगा लवकर लागतो. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीत याचसाठी आहे. पेरं छाटून घासून घ्या. खिळा मारू नका, बांबू चिरतो. जमिनीत पुरलेला बांबू दोनेक वर्षांत कुजतो. छपराखाली, जमिनीच्या वर बांधलेला जास्त टिकतो.

*लाकूड.* बाभळीचा गाभा चिवट आणि टिकाऊ. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र किडतं, ते तासून काढा. कोपरे गोल करून रंधा मारा. सुटलेली कूस जिभेत घुसते.

*साधा काळा लोखंडी पाइप.* मजबूत, पण रंगावर अवलंबून. दर एक-दोन वर्षांनी घासून रंगवायची तयारी असेल तरच घ्या.

*जीआय पाइप.* जस्ताचा थर असल्यामुळं गंज उशिरा लागतो. पाइपावर रंगाचा पट्टा असतो : पिवळा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, तांबडा म्हणजे जड. दांडीला आणि खांबाला निळ्या पट्ट्याचा 50 मिलिमीटरचा (दुकानात दोन इंची म्हणतात) पाइप पुरतो. तो मीटरला साधारण 5 किलो भरतो. म्हणजे 20 फुटी अख्खा पाइप 30 किलोच्या आसपास भरायला हवा. काट्यावर 25 किलोच भरला, तर दुकानदारानं हलका पाइप दिलाय असं समजा. पाइप नगावर नाही, वजन करून घ्या. वेल्डिंग केलं की त्या जागेचं जस्त जळतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. त्यापेक्षा यू-बोल्ट किंवा क्लॅम्पने जोडा. दांडी वर-खाली करायलाही सोपं जातं. वेल्डिंग करावंच लागलं तर उघड्यावर करा, त्याचा धूर बाधतो. नंतर त्या जागी जस्ताचा रंग द्या. पाइपाची उघडी तोंडं टोपणानं बंद करा, नाहीतर आत पाणी साठतं.

*पुढची भिंत.* ही विटांची किंवा काँक्रीटची, वरची कड गोल घोटलेली असावी, कारण गाईचा गळा तिच्यावर टेकतो. आतल्या तळाला नुसतं सिमेंट असेल तर मुरघासाच्या आंबटपणानं ते खडबडीत होतं, खाचांत चारा कुजतो. शहाबादी फरशी चुनखडीची, तिचाही गुळगुळीतपणा आंबटपणानं हळूहळू जातो. मुरघास रोज देत असाल तर चकाकीच्या टाइल्स बऱ्या.

पैसा खांबात, काटकसर दांडीत

सगळंच पाइपाचं करणं जमत नसेल, तर खांब पाइपाचे आणि दांडी बांबूची करा. जमिनीत दीड फूट काँक्रीटमध्ये खांब गाडायचे. काँक्रीट कोब्याच्या वर सहा इंच आणायचं आणि पाणी निथळेल असा उतार द्यायचा. दांडी खराब झाली की क्लॅम्प सैल करून तेवढीच बदलायची.

समजा, एका ताईंकडं सहा गाई आहेत. गाईला अडीच फूट जागा, म्हणजे 15 फूट गव्हाण. साडेसहा फुटाचे तीन खांब एका 20 फुटी पाइपात निघतात आणि दांडीला दुसरा पाइप. खालचे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. आपल्या बाजारातला भाव घालून पुन्हा मांडा.

- सगळा बांबू विकतचा : 1,800 रुपये, 2 वर्षं टिकला. वर्षाला 900.
- सगळा पाइप : 60 किलो, 90 रुपयांनी 5,400. काँक्रीट, क्लॅम्प, मजुरी 2,600. एकूण 8,000, 10 वर्षं टिकला. वर्षाला 800.
- खांब पाइपाचे, दांडी बांबूची : खांबांना 2,700, काँक्रीट-क्लॅम्प-मजुरी 2,300, मिळून 5,000. वर्षाला 500. दांडी दर 2 वर्षांनी 400, म्हणजे वर्षाला 200. एकूण 700.

बांधावर स्वतःचा बांबू असेल तर हिशेब बदलतो; मग बांबूच स्वस्त. पण खांब कुजला की नाही ते दर पावसाळ्याआधी हलवून बघायचं. गटातून कर्ज घेत असाल तर व्याजही खर्चात धरा. तीन-चार जणींनी पाइप एकत्र घेतला तर भाव आणि गाडीभाडं दोन्हींत वाचतं.

मापं

वस्तू चांगली आणि माप चुकीचं, तर मान सोलणारच. मापं गाय उभी राहते त्या कोब्यापासून घ्या.

- पुढची भिंत : साधारण 20 इंच उंच.
- गव्हाणीचा तळ : कोब्यापेक्षा 4 ते 6 इंच वर. मान खाली घालून खाल्लं की लाळ जास्त सुटते, पचन सुधारतं.
- दांडी : मोठ्या होल्स्टीन संकरित गाईला 48 इंचांच्या आसपास, लहान चणीच्या जर्सी संकरितला 42 ते 44 इंच.
- दांडी भिंतीच्या बरोबर वर नको. चाऱ्याच्या बाजूला सुमारे 8 इंच पुढं घ्या. मानेवरचा दाब कमी होतो.
- पंढरपुरी म्हशीची किंवा खिलारची लांब शिंगं असतील तर उभ्या खाचांची जाळी लावू नका, शिंगं अडकतात. एकच आडवी दांडी ठेवा.
- वासरांना मोठ्या जनावरांच्या गव्हाणीवर सोडू नका. दांडीखालून ती आत शिरतात आणि अडकतात. त्यांची गव्हाण वेगळी.

रोजगार हमीतून गोठा मंजूर झाला असेल, तर काम सुरू होण्याआधीच अंदाजपत्रकात गव्हाणीची मापं काय धरली आहेत ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या. भिंत एकदा उभी राहिली की बदलत नाही.

या महिन्याच्या बैठकीत करायचं काम

बैठकीच्या आधी प्रत्येकीनं आपल्या गोठ्यात जाऊन पाच गोष्टी बघाव्यात आणि वहीत लिहाव्यात.

1. किती गाईंच्या मानेवर केस गेलेत किंवा घट्टा आहे? असेल तर दांडी वर करा किंवा पुढं सरकवा.
2. दांडीवरून उघडा हात फिरवा. आपल्या हाताला जे टोचतं ते गाईच्या मानेलाही टोचतं.
3. गव्हाणीच्या वर कुठं बाइंडिंग वायर, खिळा, सुटलेली तार आहे का? असेल तर त्याच दिवशी काढा.
4. खांब जमिनीलगत हलतो का?
5. दांडीला काय फासलं आहे? ऑइल असेल तर ती दांडीच बदला.

बैठकीत वह्या एकत्र वाचा. जिच्या गोठ्यात तिसऱ्या किंवा पाचव्या प्रश्नाला "हो" आलं असेल, तिचं काम आधी. बाकीच्यांनी मिळून पाइपाची यादी आणि वजन काढा, मगच दुकानात जा.