अजिनोमोटो : वहीम किती, वास्तव किती?

आमच्या कापडबाजारात संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर कारागिरांची गर्दी होते. कुणाचे डोके दुखले की दोष अजिनोमोटोला. आम्हीही तोच देत होतो. पण माल न तपासता खोटा ठरवणे व्यापाऱ्याला शोभत नाही.

ही पांढरी भुकटी म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली जपानचे प्राध्यापक किकुने इकेदा यांनी समुद्री शेवाळातून ही चव शोधली. टोमॅटोतही ग्लुटामेट असतेच. १९६८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले आणि बदनामी सुरू झाली. १९९५ च्या अमेरिकी अहवालानुसार, अन्नाशिवाय ३ ग्रॅम किंवा अधिक घेतल्यास काही लोकांना डोकेदुखी, धडधड असा तात्पुरता त्रास होऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये वरून टाकलेल्या ग्लुटामेटची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम ठरवली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम.

तेव्हा गाडीवाल्या बांधवांनी ते अंदाजाने नव्हे, मापाने टाकावे आणि ग्राहकाने विचारल्यास खरे सांगावे. मीठही कमी करावे, कारण सोडियम दोन्हींत आहे. वर्षाखालील बाळाला देऊ नये. ज्याला त्रास होतो, त्याने टाळावे. मापात खोट नसेल, तर धंदाही टिकतो आणि ग्राहकही.